पाहुणा बोलवा

शनिवार, ३ ऑगस्ट १९६३

वर्गाला या आठवड्याचा घरचा अभ्यास दिला — घरी एक पाहुणा बोलवा, त्याचं स्वागत करा, काय काय केलं ते पाटीवर लिहून आणा. माझ्या मनचा नाही. पंचायत समितीच्या साहेबांचा कागद आहे.

मागचा होता ‘घर वितीनं मोजा’. वर्गातल्या इंद्रभाननं घर मोजलं, मग म्हैसही मोजायला घेतली. मागच्या पायांपाशी मोजणी संपली. अजून लंगडतो.

तिसरीतली चांगुणा उभी राहिली. “बाई, तुमीच या न आमच्या घरी.” झालं — साऱ्या वर्गाची बोटं वर. मी फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

रविवार, ४ ऑगस्ट

आईला सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, “बेबी, या गावात आल्यापासून तुले कोनी ओट्याच्या वर बोलावलं का?”

नाही. दीक्षा घेतली, बौद्ध झालो. या वरवट बकाल गावाच्या लेखी मात्र आमची जात जुनीच.

सोमवार, ५ ऑगस्ट

मुलांनी घरी आमंत्रण सांगितलं आणि गावात आजारांची साथ आली.

“बाई, आमच्या बाबाले ताप येनार हाय.”

“कधी?”

“तुमी येसान तवा.”

इंद्रभानच्या घरी तर सुतक. कोण गेलं, विचारलं. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “ते अजून ठरलं नाही.”

हसू आवरेना. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

बुधवार, ७ ऑगस्ट

सरपंच गुलाबराव शाळेत आले. चांगुणाचे वडील. टोपी काढली, पुन्हा घातली.

“बाई, अभ्यास बदला. गाईवर निबंध द्या. गाय कोनाच्याही घरी चालते.”

“आणि मी?”

त्यांनी टोपी पुन्हा काढली. “मले काई नाही हो. पन माय आयकत नाही. अन् लोक म्हनतात, पोरं काढून घेऊ.”

पोरं काढली तर शाळा कोणासाठी? वर्गात सांगितलं — पाहुणा कोणीही चालेल. मामा, मावशी, शेजारी. साऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही. चांगुणा तेवढी फणकारली — “मी त बाईलेच बोलावलं होतं.”

आईला म्हटलं, बदली मागते. ती म्हणाली, “माग. मंग तिथून कुठं?”

गुरुवार, ८ ऑगस्ट

चांगुणा शाळेत आली नाही.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

आजही नाही. बाई येत नाहीत तोवर जेवणार नाही म्हणते. तिची आजी तानुबाई तिला पुरणपोळी दाखवून दमली. “पन दूध पेते,” इंद्रभान म्हणाला, “गुपचूप.”

तिला समजवायला जावं तर कुठवर जाणार? ओट्यापर्यंत.

शनिवार, १० ऑगस्ट

पाट्या तपासल्या. सगळ्यांकडे मामाच आले होते. एकाच्या मामानं दोनदा जेवून वर चादर मागून नेली.

बदलीचा अर्ज लिहिला. अजून दिला नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

दुपारी दारात चांगुणा. तिच्यामागे तानुबाई, तोंड फुगवून.

“बाई, पाहुनी आनली,” चांगुणा म्हणाली. “घर कोनाचं पायजे, ते तुमी सांगलंच नोतं.”

तानुबाई उंबरा ओलांडून सतरंजीवर बसल्या. “पोरगी जेवत नाही. ठेव चहा. साखर घालतानी हात आखडू नको.”

प्यायल्या. पूर्ण कप. मग कप घेऊन मोरीकडे निघाल्या. त्यांच्या गल्लीत आम्हाला चहा मिळाला तर कप आम्हीच धुवून पालथा घालायचा असतो. त्यांनाही तेच आठवलं असावं.

आईनं कप त्यांच्या हातातून काढून घेतला. “राहू द्या. आमच्या घरी पाहुन्याले कप धुवाले लावत नाही.”

तानुबाई उभ्याच राहिल्या. मग परत सतरंजीवर येऊन बसल्या.