धारणकर शेठच्या गादीशी

नाशिक, ९ नोव्हेंबर १९७९

ती. मल्हारीदादांस, धोंडीरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इथं मी मजेत. आईचा गुडघा कसा आहे?

संध्याकाळच्या कॉलेजात धंद्याच्या डावपेचांवर प्रबंध लिहायचाय. सर म्हणाले, “शंभर कारखान्यांना छापील प्रश्न पाठवा.” मी म्हटलं, “सर, कागदावर सगळेच शेठ साधू होतात. मला एकाच्याच गादीशी बसून ऐकू द्या.” कुणाच्या, ते ओळखलंच असेल. तोटा सोसून स्वस्त विकून ज्यानं आपला द्राक्षांच्या खोक्यांचा कारखाना बुडवला, त्या धारणकरच्या.

मला बघून तो हसला. “हरलास ना? आता माझ्याकडूनच शीक!”

“म्हणूनच आलो, शेठ.”

स्वतःच्या कौतुकाच्या भरात तो काही लपवत नाही. त्याचं सगळं लाकूड पेठच्या एकाच वखारीतून येतं, आणि त्या वखारवाल्याला तो चारचौघांत शिव्या घालतो. परवा मी वखारवाल्याला भेटलो. या हंगामाचं लाकूड तो शेठऐवजी आपल्याला देणार; कारखाना पुन्हा सुरू करू.

भांडण करणार नाही, आईला सांगा. तुम्ही मात्र लगेच या. निफाडचे द्राक्ष बागायतदार तुमचाच शब्द मानतात, खोक्यांची मागणी तुम्हीच आणा.

शेठ रोज विचारतो, “नीट लिहितोयस ना?”

लिहितोय, दादा.

तुमचा धाकटा,
धोंडीराम