आपल्या घरातलं ‘सोड’

आबा, गॅरेज अजून चालू आहे. चौपदरी रस्त्यानं पुढचं अंगण गिळलं, तुम्ही खाट टाकून बसायचात ते लिंबाचं झाड गेलं, पण पत्र्याखालची जागा तीच आहे. मांजरसुंब्याच्या चौकात कुणालाही विचारलं तर अजून ‘रेसवाल्याचं गॅरेज’ म्हणूनच बोट दाखवतात. रेसवाल्याचं. रेसवालीचं म्हणत नाहीत मेले, मोटोक्रॉसची, म्हणजे माळामातीतल्या मोटरसायकल शर्यतींची, देशातली चॅम्पियनशिप मी या घरात आणली तरी. असो. त्यावरून तुमच्याशी भांडायला मी बसलेली नाही. भांडायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवरून, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की ते आता एकटीनंच भांडावं लागणार.

दादाला आणि मला तुम्ही गावामागच्या माळावर शिकवलंत. सगळं घरच गाडीवेडं होतं. काका पुण्या-नाशकाच्या मातीत पडून पडून गुडघा घालवून बसले होते, तुमच्या खांद्यात सळई होती, आणि तरीही आईनं दळण आणायला सांगितलं की तुम्ही दोघं भाऊ गिरणीपर्यंत शर्यत लावून जायचात. माळावर तुम्ही मुरूम ओतून उडीसाठी उंचवटा केला होता. त्याच्याजवळ आलं की माझी बोटं आपोआप ब्रेकवर जायची. उडीच्या तोंडाशी ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं आणि माणूस तोंडावर आपटतो, हे तुम्ही समजावून समजावून थकलात. मग पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तुम्ही गाडीच्या बाजूनं धावायला लागलात आणि ओरडायला लागलात, “सोड! सोड! अगं सोड की!” ब्रेक सोड. भ्या सोड. जा. बाकीच्या रेसवाल्यांकडं पाट्या असायच्या, त्यावर खडूनं लिहून ते आपल्या रायडरला दाखवायचे. आपल्याकडं पाटी नव्हती, तुमचा गळा होता, आणि तो इंजिनाच्या आवाजातून आरपार यायचा.

हळूहळू ते सोड घरभर पसरलं. मी दहावीच्या पहिल्या पेपराला निघाले तेव्हा तुम्ही दारातून तेच ओरडलात. दादा मुलगी बघायला वडवणीला निघाला, तोंडाला कोरड पडलेली, तर काकांनी पाठीत धपका घातला, “सोड बे, वाघ हाय का तिथं?” त्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. वहिनीला बिचारीला आपली भाषा काय ठाऊक? पहिल्या सकाळी चहाचं पातेलं हातात धरून ती चुलीपुढं घुटमळत होती आणि तुम्ही म्हणालात, “सोड की बाई, लाजतीस कावून?” तिनं गुपचूप पातेलं खाली ठेवलं आणि बाजूला होऊन उभी राहिली. केवढे हसलो होतो आपण! आई तर डोळे पुसत होती. साऱ्या जगात सोड म्हणजे राहू दे, टाक, बस कर. आपल्या एकट्या घरात सोड म्हणजे घाबरू नको, हो पुढं.

मग ती चौसाळ्याजवळच्या माळावरची रेस. पहिल्यांदाच आपल्या भागात एवढी मोठी रेस भरली म्हणून सगळं गणगोत आलं होतं. घरी फक्त वहिनी, तिचे दिवस भरत आले होते. मी आईशेजारी दोरीला रेलून उभी आहे. तुम्ही मोठ्या उडीच्या आधीच्या वळणावर. दादा सगळ्यांच्या पुढं, मागचा पार लांब, आणि लोक शिट्ट्या मारताहेत. दादा वळणात येतो. तुम्ही एकदम पुढं झुकता, दोरीखालून अर्धे आत शिरता, दोन्ही हात वर करता. “सोड! आरं सोड!” तुमचा आवाज फाटतो. दादा तुमच्याकडं बघतो. मान हलवतो, कळलं म्हणून. आणि ॲक्सिलेटर पिळतो. गाडी हवेत गेल्या गेल्या मला दिसतं की पुढचं चाक एका बाजूला कललंय. पुढचं मी लिहीत नाही, तुम्ही तिथंच होतात. बीडला पोचायच्या आधीच तो गेला.

लोक काय बोलणार ते बोललेच. आपलं सोड आता चौकालाही माहीत झालं होतं ना. “बापच वरडला की सोड म्हणून, म्यां सोता ऐकलं.” “एवढा पुढं होता पोरगा, तरी ह्याला उडी पायजे.” हे तुमच्या कानावर पडेल अशा बेतानंच बोलायचे. आणि आई. माणसं पांगल्यावर ती तुमच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “तुमीच मारलं माझ्या लेकराला. नुस्तं थांब म्हणला असता तर थांबला असता त्यो.” तुम्ही भिंतीकडं बघत राहिलात. मला तेव्हा तुमचा इतका राग आला! बोला की काहीतरी, नाही म्हणा, हो म्हणा, आईच्या अंगावर धावून जा, पण बोला.

मी गाडी पाहिली होती, आबा. टेंपोतून उतरवली तेव्हा तुमच्या आधी मी पाहिली. पुढचं चाक धरणारा फोर्क जिथं तुटला तिथं निम्मा भाग चकचकीत होता आणि निम्म्यात माती बसलेली होती. म्हणजे निम्मा तडा आधीचाच. सकाळी मी पुन्हा बघायला आले तर तुम्ही गॅस कटरनं सगळ्या गाडीचे तुकडे करत होतात. आता मला सांगा, वळणावर तुम्हाला तो फोर्क वाकलेला दिसला होता का? दिसला असेल तर तुम्ही त्याला रेस सोडायला सांगत होतात, जगाच्या भाषेत, आणि त्यानं ते आपल्या घराच्या भाषेत ऐकलं. आणि दिसला नसेल तर चौकातली माणसं म्हणतात तेच खरं. तुम्ही दोन्ही हात वर केले होते. आम्हाला पुढं हाकलताना तुम्ही कधी हात वर करत नव्हतात. की करत होतात? इतक्या वेळा मी ते डोळ्यांपुढं आणलंय की आता खरं काय पाहिलं तेही धड सांगता येत नाही.

त्यानंतर मी रेसमध्ये उतरले ती तुमच्यावरचा राग काढायला, दुसरं काही नाही. लोक विचारतात, मॅडम, प्रेरणा कोणाची? काय सांगू, कप्पाळ? मी बायकांच्या गटात जिंकले, मग पुरुषांबरोबर उतरले, गळ्याचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, पुन्हा उतरले. माझी गाडी तुम्हीच तयार करायचात. प्रत्येक जोडावर बॅटरी मारून, नख फिरवून बघायचात. पण रेस सुरू झाली की तुम्ही टेंपोच्या मागं मैदानाकडं पाठ करून बसायचात. एकदाही वळणावर उभे राहिला नाहीत, एकदाही ओरडला नाहीत. चॅम्पियन झाले त्या दिवशी कप घेऊन मी तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. तुम्ही कपाकडं बघितलंच नाही. “चेन ढिली वाजत होती, बघू दे,” म्हणालात. तो कप तुमच्या डोक्यात घालावा असं वाटलं मला. देवाशपथ वाटलं.

एकदाच विचारलं मी. तुम्ही इथंच, याच दारात बसून कार्बोरेटर धूत होतात.

“आबा, त्या दिवशी कोणतं सोड म्हणालतात?”

तुम्ही मान वर केली नाहीत. “आता कोणतं का असंना.”

“मला पायजे. आईला पायजे. वहिनीला पायजे.”

“त्यानं ऐकलं तेच खरं, बाई. दहाचा पाना दे.”

मी पाना दिला. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात, छातीत कळ येऊन, आणि आई शेवटपर्यंत तुमच्याशी नीट बोलली नाही.

दादाची लेक आता रेस करते. वहिनीनं अडवलं नाही, फक्त मैदानावर येत नाही. मी भाचीला सगळं शिकवलं, एक ते सोड सोडून. आपल्या घरात तो शब्द आता कुणी काढतच नाही. शेळीचं दावं असलं तरी आई ‘मोकळं कर’ म्हणते. मी पाटी घेतली, खडू घेतला, वळणावर मुकाट उभी राहायला शिकले. गेल्या महिन्यात नाशिकला हंगामातली शेवटची रेस होती. सकाळच्या सरावात पोरगी हातावर पडली, मनगट सुजलं. “काय न्हाई आत्या, मुरगळलंय नुस्तं,” म्हणून तिनं पट्टी आवळली, आणि मीही आवळू दिली. रेस संपत आली तेव्हा ती दुसरी होती, पहिला अगदी हाताच्या अंतरावर. मोठ्या उडीआधीच्या वळणात ती आली आणि मला दिसलं, तिची बोटं ब्रेकवर चढली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. पाटी माझ्या हातात होती. पण आवाज पोटातून आला, जसाच्या तसा तुमचा. “सोड! अगं सोड!”

तिनं ॲक्सिलेटर सोडला. उडीच्या आधीच बाहेर वळली, टायरांच्या भिंतीला गाडी टेकवली आणि हेल्मेट काढून माझ्याकडं बघत राहिली. “काय झालं आत्या? कावून थांबवलं?”

एक्स-रे काढला तर मनगटाचं हाड तडकलेलं. डॉक्टर म्हणाले, या हातावर ती उडी उतरली असती तर हँडल हातात राहिलंच नसतं. तेव्हापासून जो तो माझं कौतुक करतोय. कप हातचा घालवला पण पोर वाचवली, याला म्हणतात काळीज. वहिनी फोनवर रडत म्हणाली, “ताई, तुमी होता म्हणून.” आणि आई, जी इतकी वर्षं तुमचा विषय काढत नाही, ती माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, “तुज्या बापाला एवढी अक्कल असती, तर माजं लेकरू असतं आज.” मी ऐकून घेतलं. तिनं वाढलेली भाकरी बसून खाल्ली.

यांच्यातल्या कुणालाच मी हे सांगू शकणार नाही, पोरीला तर नाहीच. तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून तुम्हाला सांगतेय. मला तिचं मनगट आठवलंसुद्धा नव्हतं, आबा. मी तिला जा म्हणत होते.