माझ्या वाट्याचे आठ ठोकळे

३ फेब्रुवारी
मुख्याध्यापिकाबाईंशी पुन्हा वाजलं! माझ्या वर्गात मुलं बाराच, त्यातल्या एका मुलीला त्या येत्या शुक्रवारी मागे पडलेल्यांच्या वर्गात धाडणार. गुन्हा काय, तर ती बोलत नाही. मी तासभर किल्ला लढवला. संधी, न्याय, शिक्षणाचा इतिहास, सगळं काढलं. बाई थंडपणे म्हणाल्या, "तुम्ही बोललात, सर. ती कधी बोलणार?"
अशा लोकांच्या हाती शाळा!

४ फेब्रुवारी
उद्या सरासरी. पुस्तकातली धावसंख्येची गणितं मेलेली आहेत. सरासरी हाताने वाटून कळली पाहिजे! लाकडी ठोकळ्यांचा डबा टेबलावर ठेवायचा. जो बोलेल त्याने दर वेळी एक ठोकळा घ्यायचा. शेवटी मनोरे रचायचे आणि उंच मनोऱ्यांवरचे काढून बुटक्यांवर ठेवायचे. सगळे सारखे झाले की ती सरासरी.

५ फेब्रुवारी
जमलं! अठ्ठेचाळीस ठोकळे, प्रत्येकी चार. जिला सगळा वर्ग रेडिओ म्हणतो, तिला आपले वरचे सहा देताना रडू फुटायचं बाकी होतं. त्या मुलीचा मनोरा नव्हताच. तिच्यापुढेही चार आले. ती ते नुसती कुरवाळत बसली. मला राहवेना. समतेवर बोलू लागलो. तेवढ्यात रेडिओ म्हणाली, "सर, तुमचे धरलेच नाहीत. मी वहीत रेघा मारल्यात. छप्पन्न."
मग काय, एकशे चार ठोकळे, तेरा माणसं. प्रत्येकी आठ. एकट्या माणसाने वर्गाची सरासरी दुप्पट केली!

६ फेब्रुवारी
मुलांनी परस्पर कायदा केला: आज प्रत्येकाने आठच वेळा बोलायचं, दर वेळी एक ठोकळा डब्यात परत. सरासरी म्हणजे शिधा नव्हे, हे समजावण्यातच माझे तीन गेले. रेडिओला गप्प करण्यात दोन. पहिल्या तासाअखेर मी कफल्लक. उरलेला दिवस फळ्यावर लिहून काढला. मुलं एकमेकांना उदाहरणं समजावत होती, आणि (लिहायला जड जातं) बरी समजावत होती. फक्त ती मुलगी कावरीबावरी. सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे आठही ठोकळे शिल्लक.
घरीही गप्प होतो. बायकोने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बाईंची खोली. माझ्या खिशात नऊ पानांचं भाषण. बाईंनी हळू आवाजात, मायेने तिला काहीतरी विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी सवयीने तोंड उघडलं — आणि कसं कोण जाणे, मिटलं. मग तिने दप्तरातून एक ठोकळा काढून टेबलावर ठेवला.
"बाई, मला फक्त सरांचं ऐकू येतं. ते ओरडून बोलतात म्हणून. काल ते गप्प होते, तर काहीच आलं नाही."
बाईंनी वर्गबदलीचा कागद बाजूला सारला आणि कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली.
वर्षभर मी तिला प्रश्न विचारले. उत्तरंही मीच दिली.