ताप उतरल्यानंतर

ती. कमलताईस,

मानक नगरहून धाकट्या श्रीपतचा सविनय जयभीम. भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझ्या सांगण्यावरून ते तेल चोळत बसले नसतील अशी आशा आहे. (माझ्या सल्ल्यांचं काय होतं ते पुढे येईलच.) आधी एवढं वाच: पिंकी बरी आहे, दवाखान्यातून घरी आली आहे आणि खिचडीवर रुसून बसली आहे.

झालं असं, की तपासणीत डेंग्यू निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घरीच ठेवायला सांगितलं. भरपूर पाणी पाजा, आणि अमुक अमुक दिसलं तर लगेच या. हे अमुक अमुक तुझ्या भावजयीने, सुलभाने, कान देऊन ऐकलं. मी ऐकलं नाही, कारण वर्गवारी हा माझा प्रांत. रेल्वेत रुळांचे तडे किरकोळ, मध्यम की गंभीर हे ठरवण्यात अर्धं आयुष्य गेलं. पोटच्या पोरीचा ताप कुठल्या खणात बसतो ते मला कोण शिकवणार! ताप जास्त तर आजार गंभीर, ताप कमी तर किरकोळ, असा माझा सरळ हिशेब. म्हणून ती फणफणली तेव्हा मी घरभर येरझाऱ्या घातल्या. शेजारचे मिश्राजी पपईच्या पानांचा रस आणि चौकातून बकरीचं दूध घेऊन आले, तर मी वाटी धुऊन तयार. (सुलभाने गोड बोलून दोघांनाही गप्प बसवलं.)

मग ताप उतरला. तापलेलं इंजिन थंड झालं की आमच्यात हात धुऊन मोकळे होतात, तसा मीही झालो. ऑफिसात लाडू वाटले, सगळ्या नातेवाइकांना 'धोका टळला' म्हणून मेसेज टाकला (तुझ्याकडचा पुसून टाक) आणि अमीनाबादहून कुल्फी आणली. तर पिंकी भिंतीकडे तोंड करून पडलेली. कुल्फी नको म्हणाली. ताई, आपली पिंकी कुल्फीला नको म्हणाली! पोट दुखतंय, सारख्या उलट्या, हात गार. मी म्हटलं, अशक्तपणा असेल.  सुलभाने चपला घातल्या आणि पोरीला उचललं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चारचौघांत माझी शाळा घेतली. "भाईसाहब, बुख़ार उतरने के बाद ही तो असली पहरा शुरू होता है!" म्हणे ताप उतरतानाच नसांमधलं पाणी बाहेर झिरपू लागतं, आणि पोटदुखी, उलट्या, मलूलपणा, हिरड्यांतून रक्त या धोक्याच्या खुणा तेव्हाच बघायच्या. खुणा नसलेली मुलं घरी, खुणा दिसलेली भरती, आणि त्यापुढचा तिसरा वर्ग गंभीर. पिंकी मधल्या वर्गात होती. उशीर केला असता तर तिसऱ्यात गेली असती.  सलाइन लागलं, हळूहळू हातात ऊब आली, आणि तिने "पापा, मेरी कुल्फी?" विचारलं तेव्हा मी सगळ्या वॉर्डादेखत रडलो.

असो. आता सर्व क्षेम आहे. एवढ्या लांब येण्याची मुळीच गरज नाही.

तुझा,
श्रीपत

ता.क. भाऊजींचा गुडघा दुखायचा थांबला असला तरी डॉक्टरांना दाखवाच.

आणखी एक. पिंकी खेळते, सुलभा माझ्याशी भांडते (हे लक्षण चांगलं). मीच तेवढा, पोरीने घास नको म्हटला की तिचे हात धरून बसतो, गार पडलेत का बघत. ती म्हणते, "पापा, छोड़ो ना." मला सोडवत नाही. ताई, इथे आता सगळ्यांचा ताप उतरलाय. म्हणूनच ये.