तट्ट्यातलं भोक आणि आपली करंगळी

इतवारी, नागपूर
पौष वद्य ५, शके १८५०

वडील साडू मनोहररावजी यांच्या चरणी धाकट्या साडूचा, रुपरावाचा, दंडवत. आपली तब्येत, रुखमाबाईंचा दमा आणि गाभण म्हैस, तिन्ही ठीक असतील. आपल्या उजव्या हाताची करंगळी (रहाटात सापडून वाकडी झाली ती) अजून तशीच वाकडी आहे ना? कळमेश्वरात कोणी वैद्य ती सरळ करून देतो म्हणाला तर करू देऊ नका. वैद्यांचा आजकाल भरवसा नाही. पाकिटाच्या तोंडावर मी हळदीचं बोट लावलं आहे. ते फाटलेलं दिसलं तर पुढचं वाचण्याआधी डाकवाल्याचा चेहरा नीट पाहून घ्या.

डोक्यावर बांबू वाहणारा रुपराव आता सदराकडच्या मैदानावर हुन्नर-प्रदर्शनातली दुकानं उभारतो, हे आपण जाणताच. यंदा लुगड्यांचे व्यापारी भैयाजी आले. त्यांच्या अडचणी चार. उन्हानं किनारीचा रंग उडतो, धुळीनं पदर मळतो, बायकांना बसायला आडोसा नसतो. आणि सर्वांत मोठी म्हणजे ठोक गिऱ्हाइकाशी ठरलेला भाव वामनरावाला कळतो. (वामनराव त्यांचे वैरी. तेही लुगडीच विकतात.) भैयाजींनी मला मारुतीची शपथ घालून, वामनरावाचं दुकान बांधणार नाही, असं कबूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी वामनराव आले, त्यांच्याही अडचणी त्याच चार. त्यांच्यापुढे मी गणपतीची शपथ घेतली, म्हणजे देवांचाही आपसात घोटाळा नको.

दुकानं मात्र नामी झाली. उत्तरेच्या उजेडाला पांढरं छत, हातभर उंच फळ्यांची जमीन, बायकांसाठी आत पडदा नि बैठक. आणि भावासाठी मागच्या तट्ट्याला हात जाईल एवढं भोक, त्याला कापडाची बाही. ठोक गिऱ्हाइकानं मागच्या बोळात उभं राहून बाहीत हात घालायचा, आणि आपण रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतो तसा करायचा. तोंड उघडायचं नाही, चेहरा दिसायचा नाही. दोन्ही दुकानं पाठीला पाठ, पण वेगवेगळ्या रस्त्यांवर, मध्ये बोळ. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कमिटीनं सरकारी वळूसाठी जागा हवी म्हणून तो बोळच काढून घेतला. दुकानं सरकवली, पाठी चिकटल्या. दोन तट्टे कशाला, म्हणून मी एक काढून टाकला. दोन्ही भोकं माझ्याच कंबरेच्या मापानं पाडलेली, तेव्हा तंतोतंत जुळली. हे शेटजींना सांगायचं राहिलं. (खरं म्हणजे राहू दिलं.)

पहिल्या दिवशी दुपारी मी शिडीवर छत ताणत होतो. माझे कान आपल्याला ठाऊकच आहेत, आणि दाबलेला आकडा दोघंही तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. भैयाजींनी बाहीत हात घातला, पलीकडून हात आला. भैयाजींनी आठ रुपये दाबले. पलीकडच्या हातानं नऊ दाबले. भैयाजींनी दचकून दहा, त्यानं अकरा. हात बाहीतच ठेवून ते वर माझ्याकडे पाहत कुजबुजले, "काहून गा रुपराव, हे गिऱ्हाईकच भाव वाढवून राहिलं! पागल हाय का चोर हाय?" तेवढ्यात तट्ट्यापलीकडे वामनराव आपल्या मुनिमाला म्हणाले, "याले कोणीतरी माझ्यावर सोडलं दिसते." चौदा रुपयांवर दोघंही घाबरले आणि सौदा पक्का केला. दोनशे लुगडी याने त्याला विकली, दोनशे त्याने याला. घेणारा कोणीच नाही.

आता दोघंही माल बांधून गिऱ्हाइकाची वाट पाहत आहेत. भैयाजींना एवढंच ठाऊक आहे की त्या हाताची करंगळी वाकडी होती. (वामनरावांची लहानपणी दारात चेंगरली होती.) म्हणून त्यांनी अत्तराची कुपी आणली असून येईल त्याच्या हाताला अत्तर लावून करंगळी चाचपतात. काल एका शिपायाचा हात इतका वेळ धरला की तो जमादाराला बोलावतो म्हणाला. शनिवारी बक्षीससमारंभात दोघांना शेजारी बसवून पानसुपारी द्यायची आहे. एकाचा हात दुसऱ्याला लागला की संपलं. दोघांचेही भाऊबंद कमिटीत आहेत, आणि मला पुन्हा डोक्यावर बांबू घ्यावे लागतील.

मनकर्णेचा तिच्या ताईंना नमस्कार.

आपला,
रुपराव

ता. क. शुक्रवारी नक्की या. भैयाजींच्या हातात करंगळी द्या आणि सौदा मोडला म्हणा. कारण विचारलं तर भाव ऐकून घरी रुखमाबाई काय बोलल्या तेवढं सांगा. लग्न झालेला माणूस पुढे विचारत नाही.

दुसरा ता. क. मग वामनरावांकडेही जायचं आहे. त्यांच्या गिऱ्हाइकाच्या बोटात मोठ्या खड्याची अंगठी होती (ती भैयाजींचीच). तशी मी मिळवून ठेवली आहे. तिथे करंगळी मुठीत आखडा. अदलाबदल करू नका.

तिसरा ता. क. पाकीट बंद करता करता दोघंही येऊन गेले, एक पुढच्या दारानं, एक मागच्या. पुढच्या वर्षीही दुकान मीच बांधावं, पण भोक तेच नि तिथेच पाहिजे, असं दोघांचं म्हणणं आहे. असं गिऱ्हाईक दुसरीकडे मिळत नाही. मी दोघांनाही हो म्हटलं. तेव्हा करंगळी जपा.