आईचा पदर आणि आजोबांची मिशी

बाई, तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्या हातात ना पाटी होती ना पुस्तक. ओटीवर बसलेल्या आजोबांना नमस्कार करून तुम्ही सरळ आत गेलात, आईच्या पुढ्यातलं सूप आपल्याकडे ओढलंत आणि तांदूळ निवडायला बसलात. स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती. बदलापूर गावाला मास्तर माहीत होते, पण बालवाडीची बाई नवीन होती, आणि तांदूळ निवडणारी बाई तर त्याहून नवीन. मी दाराला टेकून तुमच्याकडे बघत राहिले. तुमचं मात्र लक्ष धाकटीकडे होतं.

धाकटी, माझी बहीण, चार वर्षांची होती. तिला ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण म्हणताना सगळे "तिला समजत नाही" असंच म्हणायचे. त्याच महिन्यात ती एकटीच नदीकडे चालत गेली होती. मागून आई हाका मारते आहे, शेजारीण ओरडते आहे, आणि ही आपली एका चतुराच्या मागे पुढे पुढे निघाली आहे. कुणीतरी धावत जाऊन तिला उचलून आणलं. आजोबांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "दिवाळी झाली का पोरीला डोंगराकडं मामाच्या पाड्यावर धाडा. तिथं नदी लांब हाय. शेरडांमागं फिरंल." आई चुलीकडे वळली. त्या दिवशीच्या भाकऱ्या मात्र एकूण एक करपल्या.

तुम्ही रोज दुपारी येऊ लागलात. कधी शेंगा सोलायच्या, कधी वाती वळायच्या, आणि तोंडाने काही शिकवल्यासारखं बोलायचं नाही. एकदा तुम्ही असतानाच निर्वासितांच्या कॅम्पातली पापडवाली सिंधीण आली. ती डोक्यावरची टोपली उतरवायच्या आत धाकटी धावत तिच्यापाशी. "अच, धीउ, अच!" पोरीला जवळ बोलावत ती सगळं तोंड उघडून हसत म्हणाली, आणि मग आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत, "पानी ला, पानी. थंडा." धाकटी गेली आणि तांब्या घेऊन आली. शेजारीण म्हणाली, "बघा! आईची भाषा कळत नाय, सिंधीणीची कळते. गेल्या जन्मी कॅम्पातली असंल!" सगळ्या हसल्या. आईही हसली, पण पदराआड.

तुम्ही हसला नाहीत. तुमचे हात सुपात तसेच थांबले. आमचं घर एवढंसं, ओटीवरून थेट चूल दिसायची. सासरे समोर असताना सुनेने डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायची वेळ आली तर त्याचं टोक ओठांवर धरायचं, अशी आमच्याकडची रीत. आणि आजोबा दिवसभर ओटीवर. म्हणजे आईचे ओठ धाकटीने पाहिले असतील ते अंधारात, किंवा आजोबा बाजाराला गेले तरच. तुम्ही हळूच म्हणालात, "वहिनी, ही डोळ्यांनी ऐकते आहे. तुम्ही दार लावून बोलताय."

आईने ओठांवरचा पदर आणखी घट्ट धरला. "मामंजींसमोर? बाई, मला जमायचं नाही हो." तुम्ही म्हणालात, "नका जमवू. मग दिवाळीनंतर पोरीचं गाठोडं कोण बांधणार, तेवढं ठरवा." तुम्ही इतकं कडू बोलू शकता हे मला तेव्हाच कळलं.

दोन-तीन दिवस आईने ओठांवरचा पदर काही खाली घेतला नाही. मग एका दुपारी आजोबा ओटीवर चंची शोधत होते. पान-तंबाखूची ती पिशवी आत खुंटीवर होती. आई धाकटीसमोर उकिडवी बसते. डोक्यावरचा पदर तसाच, ओठांवरचा खाली. "चंची," ती म्हणते. "आजोबांना. चंची दे." धाकटी आईच्या तोंडाकडे अशी बघते, जणू तिथे एखादं नवं फळ लागलं आहे. ती आधी आईच्या ओठांना बोट लावते. मग खुंटीकडे बघते, मग ओटीकडे. मी उठून तिला हात धरून नेणार, तेवढ्यात तुम्ही माझा परकर घट्ट धरता.

तिने चंची ओढली, निम्मी सुपारी वाटेत सांडली, आणि उरलेली आजोबांच्या मांडीवर ठेवली. आजोबांनी चंची उघडून उरलेली सुपारी चाचपली. आई खांबाआड. मग ते म्हणाले, "सूनबायचा आवाज चांगला हाय की. इतकी वर्सं मला वाटायचं, हिचा घसाच बसलेला हाय." आणि थोड्या वेळाने, कुणाकडेही न बघता, "पदर डोईवर ऱ्हाऊ दे. तोंडावर नको. पोरगी कुठं जात नाय."

तुम्ही तिथेच थांबला असतात तर तुम्ही बाई कसल्या! तुम्ही आजोबांच्या मिशीकडे बघायला लागलात. त्यांची मिशी खालच्या ओठापर्यंत लोंबायची. "मिशीला हात लावायचा नाय, बाई!" ते ओरडले. "मी कुठे काय म्हणाले?" तुम्ही म्हणालात आणि वाती वळत बसलात. दसऱ्याला आजोबा न्हाव्याकडून घरी आले तेव्हा आम्ही त्यांना ओळखलंच नाही. धाकटीने ओळखलं. ती त्यांच्या मांडीवर चढून त्यांचा वरचा ओठ चाचपत बसली, आणि ते तिला पुन्हा पुन्हा सांगत होते, "आजा. म्हन, आजा."

तसं ती कधीच म्हणाली नाही. तुमच्या-माझ्यासारखं ती आजही बोलत नाही, पण भांडते मात्र दोन्ही हातांनी. हेंद्रेपाड्यात तिचा संसार आहे, आणि तिथे तिच्याकडे पाठ करून बोलायची नवऱ्याची टाप नाही.

मी आता तुमचंच काम करते. अंबरनाथला, उल्हासनगरला, घरोघर. शेंगा सोलते. परवा एका आईने तेच विचारलं, जे आमच्या आईने तुम्हाला निघताना पायरीवर विचारलं होतं, "बाई, बोलेल का हो ती?" तुम्ही सरळ म्हणाला होतात, "मला माहीत नाही." तरीही आई त्या दिवशी गुणगुणत चूल पेटवायला गेली. ते कसं, हे मला तुम्हाला विचारायचं होतं, पण विचारण्याइतकी मी मोठी झाले तेव्हा तुम्ही नव्हतात. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा हेही मला ठाऊक नाही. खरं सांगते बाई, ते 'मला माहीत नाही' माझ्या तोंडून अजून निघत नाही. कुणी तसं विचारलं की मी आधी चहा मागते, आणि तो होईपर्यंत मूल मांडीवर घेऊन बसते.