बल्बावरचे पाडवे

बाळकुम,
५ जानेवारी २०२५

चि. निशिगंधा हीस,
कमळाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुझा बाप मध्ये बोलून खातो, म्हणून पत्र. माझ्या मितेशबरोबर डबा पाठवलाय. तो आडदांड आहे, तेव्हा डबा तूच उघड. आत बल्ब आहे. आयने तो मरेपर्यंत देव्हाऱ्यात ठेवलेला, म्हणजे घरातला पहिलाच असणार. जुन्या दिव्यांची वर्षं तुला ओळखता येतात म्हणे, मग माझं एवढं काम कर.

घरात वीज आली तेव्हा बाबांनी मला काखेत धरून वर उचललं आणि बटण माझ्या हाताने दाबायला लावलं. मिठागरावर राबून त्यांच्या तळव्यांना भेगा पडलेल्या, त्या मला टोचल्या. मी पाच वर्षांची होते. बाबांची माझ्याजवळ एवढी एकच आठवण आहे. पण तुझा बाप साठ वर्षं सांगतोय की वीज बाबा गेल्यानंतर आली, कमळीला स्वप्न पडलं असेल. बाबा त्रेसष्टच्या वैशाखात गेले. आता मलाही कधीकधी वाटतं की दादाचंच खरं असेल. ते मला सोसत नाही गं. काय असेल ते शोधून कळव.

तुझी आत्या

*

डोंबिवली पूर्व,
१४ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा बल्ब आल्यापासून माझं ऑफिसात लक्ष नाही. काय सुंदर वस्तू आहे. काचेवर कंपनीचा शिक्का असतो आणि त्याच्याखाली बारीक दोन अक्षरं. त्यांत वर्ष आणि महिना दडलेला असतो. काचेवर लालसर मळ होता, तो साबणाच्या पाण्याने हलकेच धुतला आणि अक्षरं लख्ख दिसली. कोपरीच्या सर्वेशकडे जुन्या कंपन्यांच्या याद्या आहेत, त्यांच्याशी ताडून पाहिली. आमचा दहा जणांचा ग्रुप आहे जुन्या दिव्यांच्या वेड्यांचा, दोन दिवस सगळे याच्यावरच बोलत होते.

आत्या, आता जे लिहितेय ते लिहू नये असं वाटतंय, पण तू खरं विचारलंस. बल्ब एकाहत्तरच्या डिसेंबरातला आहे. टोपीही जुन्या बल्बांसारखी पितळेची नाही, ॲल्युमिनियमची आहे, म्हणजे शंका घ्यायला जागा नाही. माझ्या बाबांना अजून सांगितलेलं नाही. तिळगूळ पाठवतेय, रागावली असलीस तरी खा.

तुझी निशी

*

बाळकुम,
१९ जानेवारी २०२५

चि. निशिगंधा हीस आशीर्वाद.

अगं शहाणे, मळ काय म्हणतेस, ते कुंकू होतं. दिवाळीच्या पाडव्याला आय घरातल्या दिव्याला तेलात कालवलेल्या कुंकवाचा एक टिपका लावायची. दर पाडव्याला एक, आधीच्याच्या शेजारी. तू माझ्या आयचे पाडवे साबणाने धुतलेस. दिवसभर मी तुझ्या नावाने बोटं मोडली.

मग संध्याकाळी डोक्यात आलं, बल्ब काय जन्मभर एकच टिकतो? घरात उजेड देऊन गेलेला दिवा कचऱ्यात टाकायचा नाही असं आयचं होतं. गेलेले बल्ब ती भाताच्या तुसात पुरून टोपलीत ठेवायची. जुनं घर पाडलं तेव्हा टोपली मी न उघडताच इमारतीत आणली होती. आज उघडली. आत आणखी तीन निघाले आणि तिन्हींवर टिपके आहेत. दादाच्या लग्नात लागलेली जाडी ट्यूबही पलंगाखाली सापडली. सगळं मितेशबरोबर पाठवतेय. बसमध्ये ट्यूब उभी धरायला सांगितलंय, लोक हसले तर हसोत.

आणि हे बघ, यांना पाणी लावशील तर माझ्याशी गाठ आहे.

आत्या

*

डोंबिवली पूर्व,
२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पाणी लावलं नाही, श्वाससुद्धा जपून सोडला. आणि धुतलेल्या बल्बाचेही टिपके हरवले नाहीत. कुठल्याही दिव्याला हात लावण्याआधी मी फोटो काढते, तशी सवयच आहे. फोटोत सात टिपके स्वच्छ दिसतात.

आता ऐक. ट्यूबच्या टोकाला अठ्ठ्याहत्तर सालचा शिक्का आहे आणि बाबांचं लग्न एकोणऐंशीच्या वैशाखातलं. म्हणजे ट्यूब लागून बल्ब उतरला, आणि त्याचा शेवटचा पाडवा अठ्ठ्याहत्तरचा. तिथून मागे मोजत गेले. देव्हाऱ्यातल्या बल्बाचे सात. त्याच्या आधीच्याचे चार, त्याच्या आधीच्याचे तीन, आणि तळाशी होता त्या पितळी टोपीवाल्याचे दोन. प्रत्येक बल्ब बनल्याचं साल त्याच्या पहिल्या टिपक्याच्या आधीचंच निघतं, सगळं चपखल बसतं. तळातला तर एकसष्टचा आहे. लिहिणंवाचणं न येणाऱ्या आजीने काचेवर अख्खं कॅलेंडर लिहून ठेवलंय, आत्या.

पण एकूण टिपके सोळा. म्हणजे पहिला त्रेसष्टच्या दिवाळीचा. आजोबा त्याच वैशाखात गेलेले. सहा महिन्यांनी हुकलं. चार वेळा मोजलं, सोळाच येतात. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

निशी

*

(त्याच पाकिटात)

डोंबिवली,
त्याच दिवशी

चि. कमळीस,
गणूदादाचे आशीर्वाद.

निशीने पाकीट चिकटवायच्या आधी मला पत्र वाचून दाखवलं. जिंकलो म्हणून आधी हसलो, मग बोटांवर पुन्हा मोजायला बसलो. पोरीला मोजता येतं, पण घरची रीत ती विसरली. ज्या वर्षी घरातलं माणूस जातं त्या वर्षी आपण दिवाळी करत नाही. त्रेसष्टला आयने देवालाही कुंकू लावलं नाही, मग दिव्याला कुठून लावेल? फराळ शेजारच्यांनी आणून दिला होता, मी घरातच होतो. तेव्हा त्रेसष्टचा टिपका नाहीच. सोळा भरायचे तर बासष्टचा पाडवा धरावा लागतो. बासष्टला बाबा होते. तुझं खरं आहे, कमळे.

मी खोटं बोलत नव्हतो. बासष्टची दिवाळी मी मामाकडे कल्याणला काढली, शाळेसाठी ठेवलेलं ना मला तिकडे. बाबा गेल्यावरच मला घरी आणलं. दारातून आत आलो तर घरात लख्ख दिवा आणि खाली आय एकटी. माझ्या लेखी वीज त्याच दिवशी आली.

रविवारी येतो. बाबा त्या उजेडात कसे दिसले, ते मला सांग.

तुझा दादा